काळ्या पत्थराखालची लहर आणि दामोदर कोसंबींचं गणित

आमच्या रोहिणखेडकडे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात, विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पत्थर. हाच बेसॉल्ट. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा तिथे त्याची जाडी ३३८ मीटर भरली. कोयनेजवळ रासाटीला तर ९३३ मीटर! त्याच्या खाली काय आहे हे प्रत्येक ठिकाणी खणून बघणं परवडणारं नाही. म्हणून भूकंपीय सर्वेक्षण करतात. जमिनीला छोटा धक्का द्यायचा, खालच्या थरांवर आपटून परत येणाऱ्या लहरी जिओफोन नावाच्या सेन्सरने टिपायच्या आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून खोली काढायची.

अडचण अशी की जिओफोनला ट्रक, वारा, मोटरपंप असं सगळंच ऐकू येतं. त्यात आपला बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, त्यामुळे लहर जागोजागी विखुरते. खालून आलेली खरी लहर या गोंगाटात बुडून जाते. ती वेगळी काढायची एक पद्धत ज्या गणितावर उभी आहे, ते १९४३ मध्ये पुण्यात राहणाऱ्या एका प्राध्यापकाने मांडलं होतं. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. स्पर्धा परीक्षा देणारे त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण मुळात ते गणिती होते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठात त्यांचं काम होतं, म्हणून १९१८ मध्ये ते मुलालाही अमेरिकेला घेऊन गेले. दामोदर पुढे हार्वर्डमधूनच १९२९ मध्ये पदवीधर झाले. तिथे त्यांची ओळख नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाशी झाली. हे वीनर म्हणजे ज्यांच्या नावाचा नॉइज फिल्टर आजही वापरला जातो तेच. भारतात परतल्यावर कोसंबींनी बनारस आणि अलीगढला शिकवलं आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये.

आता त्यांची कल्पना समजून घेऊ. समजा, एका लग्नात २४ जणांनी आपापल्या फोनवर एकच सनई रेकॉर्ड केली. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये सनई आहे, पण शेजारच्यांची बडबड प्रत्येकाची वेगळी. आता सगळ्या रेकॉर्डिंग एकमेकांशी ताडून बघा आणि असा एक आकार शोधा, ज्याच्यात सगळ्यांची मिळून जास्तीत जास्त ऊर्जा मावते. मग दुसरा आकार शोधा, ज्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. मग तिसरा. अशी क्रमवार यादी होते. सनई सगळ्यांत समान, म्हणून ती पहिल्या एकदोन आकारांत गोळा होते. बडबड उरलेल्या सगळ्या आकारांत विखुरते. पहिले काही आकार ठेवा, बाकीचे टाका आणि रेकॉर्डिंग पुन्हा जोडा. बडबड बरीचशी गेली!

फोनच्या जागी जिओफोन आणि सनईच्या जागी खालून आलेली लहर ठेवा, की झालं भूकंपीय डेटाचं काम. मात्र दोन पथ्यं पाळावी लागतात. लांबच्या जिओफोनला लहर उशिरा पोचते, म्हणून आधी वेळा जुळवून घ्याव्या लागतात. आणि जास्त आकार टाकले तर गोंगाटाबरोबर एखादा पातळ थर किंवा भेगही पुसली जाते. किती ठेवायचं हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं.

कोसंबींनी जमिनीखालच्या लहरींवर काही लिहिलं नव्हतं. अनिश्चितपणे बदलणारी राशी अशा क्रमवार, परस्परांशी संबंध नसलेल्या आकारांत कशी मांडता येते, एवढं त्यांनी दाखवलं. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि लेख छापला होता इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात. त्यानंतर काही वर्षांतच फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि पाठ्यपुस्तकांत नाव त्या दोघांचं लागलं. १९८७ मध्ये जोन्स आणि लेव्ही यांनी हे तंत्र भूकंपीय डेटातला गोंगाट कमी करायला वापरून दाखवलं, तेव्हाही नाव कारहुनेन-लोएव्ह असंच होतं. आता काही ठिकाणी कोसंबींचं नावही जोडतात. डेटा सायन्स शिकणाऱ्यांना भेटणारं पीसीए हे याच कुळातलं.

गोंगाटातून खूण शोधायची ही सवय कोसंबींनी इतिहासातही वापरली. प्राचीन आहत नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एका नाण्याच्या वजनावरून काही कळत नाही, पण एकाच प्रकारच्या ढीगभर नाण्यांची सरासरी घट सांगते की ती किती काळ वापरात होती.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. राहणं पुण्यातच, त्यामुळे डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा. पुढे दोघांचं बिनसलं. भारताला अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा सोयीची, असं कोसंबी उघड मांडत होते. त्यात त्यांनी रीमानचं गृहीतक संभाव्यतेच्या वाटेने सिद्ध केल्याचा दावा केला आणि १९५९ मध्ये तो कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला. सिद्धता टिकली नाही. गोंगाटातून खूण काढायचं गणित देणाऱ्या माणसाला इथे नसलेली खूण दिसली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात ते गेले, वयाच्या ५८ व्या वर्षी.

ती एक चूक झाली म्हणून १९४३ चा लेख खोटा ठरत नाही. माणसाचं कामही असंच बघावं लागतं: काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे नीट तपासून. तेव्हा कोडमध्ये किंवा पुस्तकात कारहुनेन-लोएव्ह हे नाव दिसलं, तर त्याच्या आधी कोसंबी जोडून वाचा. आमच्या काळ्या पत्थराखाली काय आहे हे शोधायला त्यांचंही गणित कामी येतं.