बाबासाहेबांच्या नोकऱ्या आणि राजीनामे

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर एक लेख असतोच. महाडचा संग्राम, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे सगळे वस्तीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. म्हणून यंदा आम्ही वेगळी बाजू घेतली आहे. बाबासाहेबांनी नोकऱ्या किती केल्या, कुठली का धरली, कुठली का सोडली, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

हा विषय घेण्याला कारण आहे. रविवारी बुद्धवंदना झाली की तरुण पोरं आमच्याजवळ येऊन बसतात. कोणी म्हणतो, कंत्राटी नोकरी आहे, सोडू की राहू? कोणाला स्वेच्छानिवृत्तीचे पैसे दिसत असतात. कोणाचा साहेब जातीवरून टोमणे मारतो आणि पोरगा राजीनामा तोंडावर फेकायला निघालेला असतो. हा प्रश्न पोटाचा आहे आणि मानाचाही आहे. आम्ही उभी हयात गिरणीत काढली, आम्ही काय मोठा सल्ला देणार? पण ज्यांच्या नावाने आपण जयभीम करतो त्यांच्यापुढे हाच प्रश्न पाच-सहा वेळा उभा राहिला होता. तो त्यांनी कसा सोडवला ते पाहू.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१चा, महू येथला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शनीनंतर हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. आपल्यासारख्याच खोलीत, गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात भीमरावांनी अभ्यास केला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले.

शिष्यवृत्तीचे उपकार होते, म्हणून जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी बडोदा संस्थानात पहिली नोकरी धरली. मुलाने बडोद्याला जाऊ नये असे रामजीबाबांचे मत होते. तिथे जातीमुळे काय वाढून ठेवले आहे हे त्या अनुभवी माणसाला दिसत असावे. पण थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, भीमराव मुंबईला धावले, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. पहिली नोकरी अशी महिन्याच्या आतच सुटली.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दिवसरात्र अभ्यास केला, १९१५ साली एम. ए. झाले, मग १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे ठेवून १९१७ साली परत यावे लागले. बोटीने पाठवलेली पुस्तके तर युद्धात समुद्राच्या तळाला गेली.

सप्टेंबर १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यास गेले. महाराजांनी त्यांना लष्करी सचिवाच्या कामावर घेतले. पुढे अर्थमंत्री करायचा महाराजांचा विचार होता. एवढी मोठी जागा! पण कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकायचा. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला एकही हिंदू घर मिळेना, म्हणून ते नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगून गेले. एका हिंदू मित्राकडे गेले, एका ख्रिस्ती मित्राकडे गेले, दोघांनीही आसरा दिला नाही. महाराजांना कळवले तर काम दिवाणांकडे गेले, आणि दिवाणांनी हात वर केले. रात्रीची गाडी येईपर्यंत हा परदेशात शिकलेला विद्वान बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून होता. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून आपण मानतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बाबासाहेबांनी ही नोकरी रागाच्या भरात सोडलेली नाही. दहा वर्षांचा करार डोक्यावर होता, महाराजांचे उपकार होते, घरी मोठे कुटुंब वाट पाहत होते. त्यांनी राहायची सगळी खटपट केली. पण डोक्यावर छप्पर नाही, प्यायला पाणी नाही, वरचा अधिकारी दाद देत नाही, मग तिथे माणूस राहणार कसा? ज्या नोकरीत जगणेच शक्य नाही ती सोडणे म्हणजे पळपुटेपणा नव्हे.

मुंबईला परत आल्यावर हाल सुरू झाले. दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा धंदा काढला, तो चांगला चालला होता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. म्हणजे स्वतःचा धंदा काढला की जात सुटते, असेही नाही. हे आजच्या पोरांनी ध्यानात ठेवावे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. जागा तात्पुरती, पण पगार महिना ४५० रुपये. त्या काळात हा पगार म्हणजे केवढा! इथेही अपमान होताच. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. मग बाबासाहेबांनी राजीनामा दिला का? नाही दिला. बडोद्याला सोडून आलेला माणूस इथे मात्र टिकला, कारण इथे राहण्यात एक हेतू होता. लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते आणि त्यासाठी पैसा जमवायचा होता. वर्गात त्यांनी असे शिकवले की दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही ऐकायला येऊ लागली.

एवढा पगार असून ते परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम माता रमाईंच्या हातात देत आणि बाकी शिल्लक टाकत. त्या रकमेत महिना भागवण्याचे काम रमाईंचे. आमच्या मते त्या शिलकीवर अर्धा हक्क रमाईंचा आहे. दहाची नोट मोडताना दोनदा विचार करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे सांगायला नको.

त्याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, मूकनायक सुरू झाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. पण सरकारी कॉलेजातली नोकरी असल्यामुळे संपादक म्हणून बाबासाहेबांचे नाव घालता आले नाही, पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव घालावे लागले. पगार पोट भरतो तसा तोंडही बांधतो, हे तिथे दिसून आले. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि त्याच महिन्यात २१ व २२ तारखेला माणगावच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. जुलैमध्ये लंडनला निघाले. हाताशी स्वतःची शिल्लक, नवल भाथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत. नोकरी सोडण्याआधी पुढची वाट बांधून ठेवली होती, नुसती उडी मारली नाही.

लंडनला एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते परतले. एवढ्या पदव्यांच्या माणसाला सरकारात मोठ्या पगाराची जागा सहज शोधता आली असती. पण त्यांनी वकिली धरली. सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरला कामे देत नसत, गोरगरिबांचे खटले मिळत. तूट भरून काढायला १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवायला जात. काही तासांची नोकरी, बाकीचा वेळ आपला! त्या मोकळ्या वेळात परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम झाले, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, आणि एप्रिलमध्ये बहिष्कृत भारत निघाला, तोही उघडपणे त्यांच्या नावाने. दहा ते पाचच्या सरकारी खुर्चीत बसून हे झाले असते का?

गिरणीवाल्यांसाठी इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या काळी आपल्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यात कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचे खाते बंद, आणि आमच्या आजोबांची पिढी हलक्या मजुरीच्या खात्यात. १९२८-२९च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. नोकरी बदलायची तरी खात्याचे दार उघडे पाहिजे ना!

पुढे जून १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच्या काहीच दिवस आधी, २७ मे रोजी रमाई गेल्या होत्या. प्राचार्यपदी असतानाच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी येवल्याची घोषणा केली, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ साली निवडून आले. खुर्चीचा विचार करून त्यांनी घोषणा मागे ठेवली नाही. मे १९३८ मध्ये ते पद सोडले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांच्या संपात आघाडीवर राहिले.

१९४२ साली व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्र्याची जागा आली, ती त्यांनी घेतली. कारण या खुर्चीचा उपयोग होता. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात सुरू झाली. सेवायोजन कार्यालये निघाली. १९४३ साली सरकारी नोकऱ्यांत आपल्या लोकांना ८⅓ टक्के जागा ठरल्या. आठवड्याचे ५४ तासांचे काम ४८ तासांवर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली. आठ तासांच्या पाळीवर जो जो राबला त्याने हे विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर ते कायदामंत्री झाले. मंत्रिमंडळात अनेक गोष्टी मनाविरुद्ध होत्या, तरी ते चार वर्षे राहिले. घटना पुरी करायची होती आणि हिंदू कोड बिल मंजूर करून घ्यायचे होते. घटना झाली. हिंदू कोड बिल मात्र रखडत ठेवले आणि शेवटी सोडून दिले. आता राहण्यात हेतू उरला नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा वय साठ, शरीराला मधुमेह जडलेला. मंत्र्याचा बंगला सोडून २६, अलीपूर रोडच्या भाड्याच्या घरात गेले. दुसऱ्या वर्षी लोकसभेची निवडणूकही हरले. नुकसान समोर दिसत असताना दिलेला हा राजीनामा आहे. पुढे १९५५-५६ साली त्याच बिलातले कायदे तुकड्यातुकड्याने मंजूर झाले, हे आपल्याला माहीत आहेच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला बुद्धाच्या ओटीत घातले आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच वर्षी १८ मार्चला आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या नोकरदारांबद्दल खंत बोलून दाखवली होती. नोकरी मिळाली आणि समाज विसरला, हे त्यांचे दुःख होते.

तर पोरांनो, नोकरी सोडू की राहू, याचे एकच उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात नाही. बडोदा सोडले, सिडनहॅममध्ये अपमान गिळून राहिले, दिल्लीत चार वर्षे थांबून मग बाहेर पडले. पण प्रत्येक वेळी त्यांनी पाहिले की इथे माणूस म्हणून जगता येते का, इथे राहून कुठले काम पुरे होणार आहे, आणि बाहेर पडायची तयारी झाली आहे का. साहेबाने टोमणा मारला म्हणून त्याच दिवशी राजीनामा लिहू नका. आधी परीक्षेचा फॉर्म भरा, चार पैसे बाजूला टाका, घरातल्या बाईशी बोला, कारण घर तीच चालवणार आहे. टोमण्याची लेखी नोंद ठेवा, दाद मागा. स्वेच्छानिवृत्तीचा आकडा पाहून हुरळू नका. तो पैसा किती महिने पुरेल याचा हिशेब कागदावर मांडा. आणि एवढे करूनही जिथे माणूस म्हणून जगता येत नाही, तिथे दिवस काढू नका.

जे नोकरीत टिकून आहेत त्यांनी आग्र्याची खंत आठवावी. विहाराच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन पोरांना शिकवले तरी पुष्कळ झाले.

नमो बुद्धाय! जयभीम!