मौलाना आझाद आणि शाळेतली दीनी तालीम

जव्हार-मोखाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी आपली मुलं दीनी तालीम घरी किंवा मकतबमध्ये घेतात. शाळेत का नाही? याचं उत्तर शोधताना मौलाना अबुल कलाम आझाद यांचं आयुष्य बघावं लागतं.

१८८८ साली मक्केत जन्मलेले मौलाना कलकत्त्यात वाढले. वालिद मौलाना खैरुद्दीन आणि घरी येणारे उस्ताद, हीच त्यांची शाळा. तरुणपणी घरच्या चाकोरीबद्ध शिकवणीवर मन ठरेना, तेव्हा त्यांनी 'आझाद' हे नाव घेतलं. पुढे १९४२ पासून जवळपास तीन वर्षं ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैद होते.

स्वातंत्र्यानंतर ते पहिले शिक्षणमंत्री झाले. जानेवारी १९४८ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळापुढे त्यांनी काळजी बोलून दाखवली. सरकारी शाळेत धर्म शिकवला नाही, तर लोक बाहेर शिकवतील आणि तिथे संकुचित विचारांचे शिक्षक भेटले तर मुलांचं नुकसान होईल. म्हणून ही जबाबदारी सरकारनेच घ्यावी, असं त्यांना वाटे.

राज्यघटनेने वेगळी वाट धरली. १९५० पासून कलम २८ प्रमाणे, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवता येत नाही. हे आपलंही संरक्षण आहे.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलानांचा इंतकाल झाला. त्यांची काळजी मात्र आपल्या दारात उभी आहे. मकतबमध्ये मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं की दटावणी, हे बघणं आता आपलंच काम.