डॉ. द्वारकानाथ कोटणीस : एका वर्षासाठी गेलेला डॉक्टर



मी राहते पेणला आणि शिकवते रोहा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत. रोज सकाळी दिवा-रोहा गाडीत बसलं की त्या दिवशी वर्गात काय सांगायचं त्याची टिपणं काढते. आजचा हा चरित्र-पाठ तसाच गाडीत तयार झालेला आहे.

पण आधी माझी एक चूक सांगते. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाला परिपाठाच्या वेळी फिट आली. मी घाबरले आणि लहानपणी पाहिलं होतं तेच केलं. चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. दोन-तीन मिनिटांनी तो शुद्धीवर आला, तेव्हा सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. त्याला आधीपासून फिट येत होती, पण मुलं चिडवतील म्हणून घरच्यांनी शाळेला सांगितलं नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस त्याच्या शेजारी कोणी बसेना. तेव्हाच ठरवलं, की डॉ. कोटणीसांचा पाठ घ्यायचा आणि त्यातली एरवी गाळली जाणारी गोष्टही मुलांना सांगायची. ती गोष्ट पुढे येईलच.

परदेशातून सेवेसाठी आपल्याकडे आलेल्या माणसांबद्दल आपण वाचतो. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी इथली भाषा शिकून 'क्रिस्तपुराण' हा ग्रंथ लिहिला, तो 1616 साली छापला गेला. आपल्यातून परदेशी सेवेला गेलेला माणूस कोण, असं विचारलं तर मात्र मुलं गप्प बसतात. त्याचं एक उत्तर सोलापुरात आहे.

सोलापूरचा मुलगा

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण घ्यायचं, मग स्थिरस्थावर व्हायचं, असा साधा सरळ रस्ता समोर होता.

बोलावणं आलं

1937 च्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. जखमी सैनिक आणि नागरिकांची संख्या एवढी वाढली की डॉक्टर पुरेनात. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. 1938 साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केलं आणि लोकांनी वर्गणी दिली. लक्षात घ्या, तेव्हा आपणच पारतंत्र्यात होतो. स्वतःचं घर अडचणीत असतानाही शेजाऱ्याच्या मदतीला धावून जावं, तसं हे होतं.

पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले डॉ. कोटणीस. वयाची अठ्ठावीस वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. जाणं साधारण वर्षभरासाठी होतं. 1 सप्टेंबर 1938 रोजी औषधं आणि रुग्णवाहिका घेऊन पथक मुंबईच्या बंदरातून निघालं.

वाटेतली बातमी

भिंतीवर आशियाचा नकाशा असेल तर इथे मुलांना उठवा. मुंबईहून समुद्रमार्गे हाँगकाँग. तिथून कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू. मग वुहान, मग यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला चोंगचिंग. एकेक शहर पडत चाललं होतं आणि लोकांबरोबर दवाखानेही मागे सरकत होते.

चोंगचिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे पथकातल्या प्रत्येकाला चिनी नाव मिळालं. प्रत्येकाच्या नावाला शेवटी 'हुआ' जोडलं होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले 'के दिहुआ'. तिकडचे लोक आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

दुसरी गोष्ट दुःखाची. सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. परत जायला कोणीही अडवलं नसतं. घरी आई, लहान भावंडं. पण ते परतले नाहीत. वर्गात हे सांगताना मी तरी निर्णय बरोबर की चूक ते सांगत नाही, मुलांना बोलू देते. अर्धी मुलं म्हणतात, जायला हवं होतं. त्यांचंही खरंच आहे. आपल्याकडेही कुणाचे बाबा आखातात असतात, कुणाचे जहाजावर. घरात काही झालं आणि माणूस लांब असला म्हणजे काय होतं, हे या मुलांना आपण शिकवायची गरज नाही.

रोजचा दिवस कसा असायचा

फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोचलं. हा प्रदेश पिवळ्या मातीच्या डोंगरांचा. डोंगर कोरून केलेल्या गुहांमध्ये माणसं राहायची आणि दवाखानाही गुहेतच. हिवाळ्यात पाणी गोठणारी थंडी. आपण भात खाणारी माणसं, पण तिथे तांदूळ दुर्मीळ. रोजचं जेवण म्हणजे राळ्यासारख्या बारीक धान्याची पेज किंवा भात.

सगळ्यात मोठी अडचण भाषेची होती. पोटात कुठे दुखतंय हे रोग्याने सांगायचं आणि डॉक्टरला कळायचं नाही, मग औषध कसं द्यायचं? कोटणीसांनी चिनी भाषा शिकायला घेतली. आधी बोलायला, मग वाचायला, मग लिहायला. पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं गिरवून. दुभाषी मिळत असतानाही त्यांनी हे कष्ट घेतले. आदिवासी वाडीवर बदली झालेल्या शिक्षकाला याचा अर्थ लगेच कळेल. मुलाच्या बोलीतले चार शब्द आपल्याला आले की मूल आपलं होतं.

हळूहळू पथकातले तीन डॉक्टर तब्येतीमुळे आणि इतर कारणांनी भारतात परतले. राहिले कोटणीस आणि बसू. ठरलेलं वर्ष कधीच संपून गेलं होतं.

शत्रूच्या मुलखातून

मुलांना साहस आवडतं, तर इथे ते भरपूर आहे. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, जपानी सैन्याच्या पिछाडीला, गनिमी काव्याचं युद्ध चालू होतं. तिथे जायचं म्हणजे शत्रूच्या ताब्यातला मुलूख ओलांडून. रात्री चालायचं, पहारा असलेली रेल्वेलाइन अंधारात पार करायची, सामान खेचरांवर. आपल्या मुलांना गनिमी कावा समजावून सांगावा लागत नाही, सह्याद्री रोजच खिडकीतून दिसतो.

तिकडे दवाखाना एका जागी राहत नसे. हल्ला आला की गुंडाळायचा आणि पुढच्या गावी मांडायचा. जखमींना शेतकऱ्यांच्या घरात ठेवायचं. या भागात आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. म्हणजे हे काम किती धोक्याचं आहे, हे कोटणीसांना पक्कं माहीत होतं. तरी ते त्याच जागी गेले.

1940 च्या मोठ्या लढाईत जखमींची रीघ लागली, तेव्हा त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. जानेवारी 1941 मध्ये बेथून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले.

शिकवणारा डॉक्टर

आपल्या शिक्षकांसाठी मला वाटतं हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. एक डॉक्टर दिवसात किती रोगी तपासणार? पण त्याने वीस जणांना शिकवलं तर? कोटणीस बेथून यांच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले, आणि तेही चिनी भाषेत. पाठ्यपुस्तकं नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः शस्त्रक्रियेवर चिनीत पुस्तक लिहिलं. त्याचा पुढचा भाग लिहायला घेतला, तो मात्र अपुरा राहिला.

क्वो छिंगलान या तिथे परिचारिकांना शिकवत. 1941 च्या शेवटी दोघांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. 23 ऑगस्ट 1942 रोजी मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगचेन यांनी नाव सुचवलं 'यिन्हुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

गाळली जाणारी गोष्ट

आता ती गोष्ट. डॉ. कोटणीसांना अपस्मार होता, म्हणजे आपण ज्याला फिट येणे किंवा आकडी म्हणतो तो आजार. चीनमध्ये असताना त्यांना झटके येऊ लागले. दुसरीकडे जाऊन उपचार घ्या, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. ते काम सोडून गेले नाहीत. झटका यायचा, सावरायचे आणि पुन्हा रोगी, पुन्हा तास, पुन्हा लिखाण.

9 डिसेंबर 1942 च्या पहाटे लागोपाठ आलेल्या झटक्यांनी त्यांचं निधन झालं. वय अवघं बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

हे सांगताना मी एक काळजी घेते. उपचार न घेता काम करत राहिले म्हणून ते मोठे, असा अर्थ मुलांनी काढू नये. युद्धभूमीवर, त्या काळात, औषधांचीच वानवा होती. आज तसं नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी नियमित घेतली तर बहुतेक मुलांच्या फिट आटोक्यात राहतात. फिट आली तर चप्पल, कांदा काही हुंगवू नका. तोंडात चमचा किंवा कापड घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर लगेच दवाखाना. आणि पालकहो, शाळेपासून हे लपवू नका. मला आधी माहीत असतं तर त्या दिवशी माझ्या हातात चप्पल नसती.

मागे काय उरलं

चीनमध्ये शिजियाजुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. 1946 साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. चीनने 1982 मध्ये आणि भारताने 1993 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. सोलापुरातल्या त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे, सहल तिकडे गेली तर जरूर दाखवा. मुलगा यिन्हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना 1967 साली तरुणपणीच वारला. क्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटत राहिल्या. 2012 साली त्यांचं निधन झालं.

वर्गात काय करून घ्याल?

1. नकाशावर मुंबई ते येनान हा प्रवास दोऱ्याने दाखवा.
2. मुलांना कुठल्याही अनोळखी भाषेतले पाच शब्द शिकायला सांगा. पाहुण्याला किंवा रोग्याला उपयोगी पडतील असेच शब्द हवेत.
3. डॉ. कोटणीसांच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून मुलाला पत्र लिहायला सांगा. पत्रात राग असला तरी चालेल.

माझ्या वर्गात हा पाठ झाला तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदाच हात वर केला. त्याला एवढंच विचारायचं होतं, की डॉक्टर असून त्यांना खरंच फिट येत होती का. मी हो म्हटलं. मग तो नकाशाकडे गेला आणि दोऱ्याचं मुंबईकडचं टोक त्याने धरलं. येनानकडचं टोक धरायला दुसरी एक मुलगी उठली. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पाठ घेतलात तर तुमच्या वर्गातही एखादं मूल शांत बसून ऐकत असेल. त्याच्याकडे लक्ष असू द्या.