टोपीची पिन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामाची जुनी गाडी घाटात बंद पडली. मी मेकॅनिकल थर्ड इयरची, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. फोर स्ट्रोक सायकलची आकृती मी झोपेतही काढीन, पण तिथे मला बॉनेटची कडीसुद्धा सापडेना. शेवटी एका ट्रकवाल्या काकांनी कार्बुरेटरचा जेट काढला, फुंकर मारून कचरा उडवला, आणि गाडी सुरू! तेव्हापासून मला बर्था बेंझ सारखी आठवते.

बर्थाचा जन्म १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइमचा. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. १८७२ साली कार्ल बेंझ या इंजिनिअरशी तिचं लग्न झालं. त्याआधीच तिने आपल्या हुंड्याचे पैसे घरून मागून घेऊन त्याच्या मानहाइमच्या वर्कशॉपमध्ये घातले होते. १८८६ साली तीन चाकी मोटारगाडीचं पेटंट मिळालं. त्यावर नाव अर्थातच एकट्या कार्लचं. पण लोकांचा या वाहनावर विश्वास बसेना, गाडी खपेना.

ऑगस्ट १८८८. एका पहाटे नवऱ्याला न सांगता, तेरा आणि पंधरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन बर्था त्या गाडीतून माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर आणि वाटेत एकही गॅरेज नाही!

इंधन संपत आलं तेव्हा विसलोखच्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. हे खरं तर डाग काढायचं द्रव्य. मग इंधनाची नळी तुंबली. बर्थाने टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. इग्निशनच्या वायरचं आवरण झिजलं, तर मोजे वर धरणारा पट्टा तिच्यावर गुंडाळला. चेन लोहाराकडून नीट करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. इंजिन गार राहावं म्हणून जागोजागी पाणी भरलं. चढावर मात्र मुलांनी चक्क गाडी ढकलली.

संध्याकाळी फोर्झहाइमहून कार्लला तार गेली. काही दिवसांनी ती गाडी चालवतच परतली. तिने सांगितलेल्या अडचणींवरून कार्लने चढासाठी आणखी एक गिअर बसवला. गाडी लांब जाऊ शकते हे जगाला दिसलं.

मला वाटतं, तिची खरी हुशारी त्या पिनेत नव्हती. गाडी थांबली की इंधन पोचत नाही की ठिणगी पडत नाही, हे ती आधी शोधायची. एवढंच मी घाटात केलं असतं तरी पुरलं असतं!

१९४४ साली, पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. दोन दिवसांनी ती वारली.

या सुट्टीत मी मामाच्या गाडीचा जेट स्वतः उघडून साफ केला. हात काळे झाले, पण गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.