शाहीर पठ्ठे बापूराव : कला आणि कमाई

महाडचा सत्याग्रह शिकविताना शाहीर पठ्ठे बापूरावांचा प्रसंग आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८६६ साली, वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे. ब्राह्मण घराचे सोवळे सोडून ते तमाशात आले. त्यांची लावणी आणि महार समाजातील कलावती पवळा हिवरगावकर यांची अदाकारी एकत्र आली, तेव्हा मुंबईची थिएटरे भरू लागली. कला तिकिटावर विकली जाऊ लागली. गर्दी पवळाबाईंसाठीही होई. फडाला नाव मात्र बापूरावांचे.

१९२७च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. चळवळीला पैशाची निकड होती. तरीही बाबासाहेबांनी ते नाकारले. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, ही त्यांची भूमिका होती. बापूरावांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. प्रश्न त्या कमाईच्या मुळाचा होता.

२२ डिसेंबर १९४५ रोजी बापूराव विपन्नावस्थेत निवर्तले. थिएटरे भरविणाऱ्या शाहिराच्या हाती अखेर काही उरले नाही.

ढोलकी मात्र थांबली नाही. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ती प्रबोधनासाठी वाजविली.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. येथील आमच्या मुलामुलींनी गावे, वाजवावे, कलेचे मोलही ताठ मानेने घ्यावे. फक्त ते कोणाच्या अवमानातून तर येत नाही ना, एवढे आधी पाहावे.