आकाशाचे कोडे आणि डॉ. विक्रम साराभाई



आमच्या आजोबांकडे एक जुना रेडिओ आहे. दिवसा त्यावर जवळचीच केंद्रे लागतात. रात्री मात्र लांबलांबची ऐकू येतात, आणि आवाज मधेच बारीक होतो, मधेच मोठा. असं का होतं, म्हणून मी गुरुजींना विचारलं. तेव्हा त्यांनी मला विक्रम साराभाईंची गोष्ट सांगितली. तीच मी इथे लिहितो.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादला झाला. वडील अंबालाल मोठे गिरणीमालक होते. घरात कशाची ददात नव्हती. पण विक्रमभाईंना नाद लागला तो आकाशाचा. ते केंब्रिजला शिकले. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा काढली.

आता आकाशाचे गुपित ऐका. सुमारे ६० किलोमीटरच्या वर उन्हामुळे हवेच्या कणांत वीज भरते. त्या थराला आयनांबर म्हणतात. रेडिओच्या लहरी भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारख्या तिथून परत येतात. दिवसा थराचा खालचा भाग त्या लहरी गिळून टाकतो. रात्री तो भाग विरतो, म्हणून लांबची केंद्रे लागतात.

पृथ्वी म्हणजे मोठे चुंबकच. तिच्या चुंबकीय विषुववृत्तावर या थरात फार खळबळ असते. सूर्य मावळला, की तिथे बुडबुड्यांसारख्या पोकळ जागा वर चढतात. उपग्रहाचे संदेश त्यातून येताना ताऱ्यांसारखे लुकलुकतात, कधी तुटतातसुद्धा!

हे विषुववृत्त तेव्हा केरळातल्या थुंबा गावाजवळून जात होते. म्हणून रॉकेट तिथूनच सोडायचे ठरले. पण तिथे होती कोळ्यांची वस्ती आणि त्यांचे चर्च. विक्रमभाई बिशप परेरा यांना भेटले. बिशपनी गावकऱ्यांनाच विचारले, आणि गावकऱ्यांनी होकार दिला. मला तर आपलं गाव सोडायचं म्हटलं तरी रडू येईल! चर्चमध्ये शास्त्रज्ञांची कचेरी आणि प्रयोगशाळा झाली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेले. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिले रॉकेट उडाले.

रॉकेट काही मिनिटेच वर राहते. उपग्रह मात्र सतत संदेश पाठवतो. उपग्रहावरून खेड्यातल्या मुलांना टीव्हीवर शिकवावे, असे विक्रमभाईंच्या मनात होते. १९६९ साली तसा अमेरिकेशी करारही झाला. पण ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम इथे ते वारले. वय फक्त ५२.

१९७५ साली एटीएस-६ हा उपग्रह आपल्यासाठी सरकवला गेला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दिसू लागला. त्याच उपग्रहाचे रेडिओ संकेत उटकमंडला टिपून आपल्या शास्त्रज्ञांनी आयनांबराची खळबळ मोजली. विक्रमभाई मात्र ते पाहायला नव्हते.

आता रात्री रेडिओचा आवाज बारीक झाला, की मी वैतागत नाही. वर आभाळाकडे बघतो. मला विक्रमभाई आठवतात, आणि आपलं गाव देणारे थुंब्याचे कोळीही आठवतात.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी