आंरी ब्राकोनो

लाकडाच्या वखारीत करवतीखाली साचणारा भुसा आपण सुरतकरांनी अनेकदा पाहिला असेल. त्या भुशात साखर दडलेली आहे, हे प्रयोगाने दाखविणारा आंरी ब्राकोनो २९ मे १७८० रोजी फ्रान्समधील कॉमेर्सी येथे जन्मला.

तेराव्या वर्षी तो नान्सी शहरात एका औषधालयात उमेदवारी करू लागला. पंधराव्या वर्षी स्ट्रासबूर्गच्या लष्करी रुग्णालयात रुजू झाला. १८०७ साली नान्सीच्या वनस्पती-उद्यानाचे संचालकपद त्यास लाभले.

१८१९ साली त्याने भुसा, झाडाची साल आणि जुन्या चिंध्या तीव्र गंधकाम्लात कालविल्या. लगदा होताच पाणी घालून आम्ल सौम्य केले व मिश्रण उकळले. मग खडूने आम्लता घालवून ते गाळले. हाती आली ती द्राक्षांत असते तीच साखर! लाकडाचे तंतू म्हणजे साखरेच्याच कणांची लांब साखळी. आम्लाच्या साहाय्याने पाणी ती तोडते. पुढील वर्षी सरसावर तोच प्रयोग करताना त्यास ग्लायसिन हा गोड पदार्थ गवसला.

१३ जानेवारी १८५५ रोजी तो निवर्तला. तीव्र आम्ल फार लागे. म्हणून पुढील संशोधकांनी सौम्य आम्ल व अधिक उष्णता यांचा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत या रीतीने भुशापासून मद्यार्क निघत होता. २०२२ साली पानिपत येथे पुण्यातील प्राज कंपनीच्या तंत्राने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना उभा राहिला.

विद्यार्थिमित्रहो, एखादी वस्तू टाकाऊ ठरविण्यापूर्वी ती नीट पारखावी, हाच या चरित्राचा बोध होय.